गुणवत्ता यादीबाहेरचा खेळ

बारावीचे आणि प्रवेश परीक्षांचे निकाल लागले की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय आणि घाटाखाली काय, चौकाचौकात फ्लेक्स लागतात. मुलांचे फोटो, त्याखाली पर्सेंटाइल, त्याखाली क्लासचे नाव. पुण्या-मुंबईच्या नामांकित कॉलेजात नंबर लागलेल्या मुलाचा फोटो सगळ्यात मोठा. पावसाळ्यात फ्लेक्स फाटतो आणि त्या मुलाची गावाकडची सार्वजनिक नोंद तिथेच संपते. तो त्या कॉलेजात गेल्यावर संध्याकाळी पाच ते सात काय करीत होता, हे कुणी विचारत नाही.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नव्हे. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालये पालथी घालून जे वाचले तेवढेच माझे भांडवल. त्या वाचनात मला एक गोष्ट खटकत गेली. शिक्षणाच्या इतिहासाला साधनांचा तोटा नाही. निकालपत्रे आहेत, विद्यापीठांची कॅलेंडरे आहेत, मोठ्या माणसांची चरित्रे आहेत. पण त्यात सापडते ती सकाळ आणि दुपार. विद्यार्थ्यांची संध्याकाळ मात्र चरित्रांच्या एखाद्या परिच्छेदात, क्लबांच्या जुन्या हकिगतींत, म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात विखुरलेली असते. गेली काही वर्षे मी ती वेचतो आहे, ती एका प्रश्नासाठी. जिथे प्रवेश मिळवणेच महाकठीण, अशा विद्यापीठात मुले गुण, नोकरी किंवा शिष्यवृत्ती यांपैकी काहीही मिळणार नसताना, पदरचे पैसे घालून खेळ का खेळतात? आणि तसे खेळणे कुणाला परवडले?

या प्रश्नाचे सर्वांत उघड उदाहरण मला सापडले ते आपल्यापासून फार दूर, बर्फावरच्या हॉकीत. म्हणून सुरुवात तिथून करतो.

माँट्रियल आणि ऑक्सफर्ड

३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील माँट्रियल शहरात व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक या छपराखालच्या बर्फाच्या मैदानावर नऊ-नऊ जणांच्या दोन संघांत एक सामना झाला. आइस हॉकीच्या इतिहासात बंदिस्त मैदानावरचा पहिला संघटित सामना म्हणून तो ओळखला जातो. तो घडवून आणणारा जेम्स क्रेटन हा हॅलिफॅक्सहून आलेला इंजिनिअर. खेळणाऱ्यांत मॅकगिल विद्यापीठाचे विद्यार्थी होते. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागेल म्हणून त्यांनी लाकडाची चपटी चकती वापरली. आजच्या काळ्या रबरी ‘पक’ची ती पूर्वज. १८७७ मध्ये मॅकगिलच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचा क्लब काढला आणि त्याच वर्षी खेळाचे नियम माँट्रियलच्या वर्तमानपत्रात छापून आले.

यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे, हा खेळ कुणी प्राध्यापकाने शिकवलेला नव्हता. त्यात आधीपासून पारंगत असा कुणी नव्हता, कारण खेळच नीट तयार झालेला नव्हता. विद्यापीठात निवडून आलेली मुले इथे एकदम नवशिकी होती. नियम करायचे, मोडायचे, पुन्हा करायचे, हे सगळे त्यांनीच केले.

कॅनडाची मुले पुढे इंग्लंडला शिकायला गेली तेव्हा हा खेळ बरोबर घेऊन गेली. सेसिल रोड्स १९०२ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्रातून ऑक्सफर्डची जी प्रसिद्ध शिष्यवृत्ती सुरू झाली, तिच्या अटींत विद्वत्तेबरोबर मैदानी खेळांची आवडही होती. साम्राज्याचे राज्यकर्ते घडवण्याचा त्यामागचा हेतू लपलेला नाही. पण त्यामुळे झाले असे की, कॅनडाहून येणाऱ्या हुशार मुलांच्या सामानात पुस्तकांबरोबर स्केट्सही असत. १९२० च्या सुमारास बर्फावर खेळायचे तर ऑक्सफर्डच्या मुलांना नाताळच्या सुट्टीत स्वित्झर्लंड गाठावे लागे. दावोसमध्ये डॉ. कार्ल स्पेंगलर यांनी पहिल्या महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांतले तरुण पुन्हा एकत्र यावेत म्हणून एक चषक ठेवला. १९२३ मध्ये तो पहिल्यांदा खेळला गेला आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी जिंकला.

त्या काळात ऑक्सफर्डकडून खेळलेल्यांत लेस्टर पिअर्सन होते आणि रोलंड मिचनर होते. पिअर्सन पुढे कॅनडाचे पंतप्रधान झाले. सुएझ प्रकरणातील कामगिरीबद्दल त्यांना १९५७ चे शांततेचे नोबेल मिळाले. १९६७ मध्ये मिचनर कॅनडाचे गव्हर्नर जनरल झाले, तेव्हा पंतप्रधान पिअर्सनच होते. १९३१ मध्ये ऑक्सफर्डने पुन्हा स्पेंगलर चषक जिंकला, त्या संघात जॉर्ज स्टॅन्ली नावाचा इतिहासाचा विद्यार्थी होता. कॅनडाच्या आजच्या ध्वजाची, म्हणजे लाल पट्ट्यांमधल्या मेपलच्या पानाची, मूळ कल्पना याच स्टॅन्ली यांची. १९६५ मध्ये तो ध्वज फडकला तो पिअर्सन यांच्या आग्रहामुळे.

हे वाचताना आपण भारावून जातो आणि इथेच थोडे थांबायला हवे. खेळ हौसेचा होता, मान्य. पण त्या हौसेतून ज्या ओळखी झाल्या, एकाच संघात धडपडल्याने जो विश्वास तयार झाला, त्याचे मोल कुठल्याही पदवीपेक्षा कमी नव्हते. म्हणून या मैदानावर कोण पोचू शकले आणि कोण नाही, हा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही.

एकाच शहरातले दोन विद्यार्थी

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर ६६ व्या रस्त्यालगत १८९६ मध्ये सेंट निकोलस रिंक हे कृत्रिम बर्फाचे मैदान सुरू झाले. १९१४ ते १९१६ या हिवाळ्यांत तिथे गर्दी लोटत असे ती होबी बेकर या खेळाडूला पाहायला. हा फिलाडेल्फियातल्या सधन घरातला मुलगा, प्रिन्स्टन विद्यापीठाचा पदवीधर. प्रिन्स्टनमध्ये विद्यार्थ्याला दोनच खेळांत विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करता येई. त्याने फुटबॉल आणि आइस हॉकी निवडले. पदवीनंतर तो न्यूयॉर्कला बँकेत नोकरी करी आणि संध्याकाळी सेंट निकोलस क्लबकडून हौशी खेळाडू म्हणून खेळे. १९१८ च्या डिसेंबरात, महायुद्ध संपल्यानंतर, फ्रान्समध्ये विमान कोसळून तो गेला. अमेरिकेतील सर्वोत्तम कॉलेज हॉकीपटूला मिळणारा पुरस्कार आज त्याच्या नावाने आहे.

त्याच बेटावर, त्या रिंकपासून पन्नास रस्ते उत्तरेला, कोलंबिया विद्यापीठात त्याच हिवाळ्यांत आपला एक विद्यार्थी शिकत होता. भीमराव रामजी आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोचले आणि १९१६ च्या जूनमध्ये लंडनला गेले. सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती दरमहा साडेअकरा पौंड, आणि मुदत तीन वर्षे. तेवढ्या काळात त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले. राज्यशास्त्र, फ्रेंच आणि जर्मन वेगळेच.

ही दोन नावे मी शेजारी ठेवतो ती तुलनेसाठी नव्हे. त्या दोघांकडे असलेल्या वेळाकडे पाहावे म्हणून. एकाची संध्याकाळ त्याच्या मालकीची होती. दुसऱ्याची संध्याकाळ शिष्यवृत्तीच्या मुदतीला, घरी ठेवलेल्या संसाराला आणि ज्या समाजातून तो आला त्याच्या शतकानुशतकांच्या वंचनेला बांधलेली होती. निवडक विद्यापीठाचे मोठे दार दोघांनाही उघडले. आतले दुसरे दार, जिथे माणूस नुसता खेळू शकतो, ते उघडायला गुणवत्ता पुरत नाही. त्याला मोकळा वेळ लागतो.

डेक्कन कॉलेजचे एक वर्ष

हाच भेद त्याआधी चाळीस वर्षे पुण्यात दिसतो. बाळ गंगाधर टिळक १८७२ मध्ये मॅट्रिक होऊन डेक्कन कॉलेजात गेले. प्रकृती तोळामासा. त्यांनी पहिले वर्ष अभ्यास बाजूला सारून तालीम, कुस्ती, पोहणे यांत घालवले आणि शरीर कमावले. ही गोष्ट आपण शाळेत ऐकतो ती निर्धाराची गोष्ट म्हणून. मला तीत आणखी एक दिसते. वडील त्याच सुमारास वारले असले, तरी चुलत्यांचा आधार आणि घरची थोडी पुंजी असल्यामुळे कॉलेजचे एक अख्खे वर्ष ‘वाया’ घालवणे टिळकांना शक्य झाले.

त्याच कॉलेजात काही वर्षांनी आमच्या वऱ्हाडातून एक मुलगा गेला. गोपाळ गणेश आगरकर जन्माने कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, पण मामांकडे अकोल्यात राहून १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. अकोला म्हणजे आमच्या जिल्ह्याला लागूनच. पुण्यात त्यांच्याजवळ एकच सदरा होता, तो रात्री धुऊन सकाळी घालीत, ही आठवण प्रसिद्ध आहे. बक्षिसे, शिष्यवृत्त्या यांच्या आधाराने त्यांनी शिक्षण रेटले. दम्याने त्यांना आयुष्यभर छळले आणि १८९५ मध्ये, चाळिशी गाठण्याआधीच, ते गेले. व्यायामाने दमा बरा झाला असता असे मी म्हणणार नाही. पण एक वर्ष शरीराला देण्याची चैन आगरकरांच्या हिशेबात बसणारी नव्हती, एवढे खरे.

पुढच्या पिढीत पुण्यानेच याला एक उत्तर दिले. प्रा. दि. ब. देवधर सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. १९२६ च्या डिसेंबरात मुंबई जिमखान्यावर आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी १४८ धावा काढल्या. महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे रणजी करंडक जिंकला, तो त्यांच्याच नेतृत्वाखाली. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी रणजीच्या एकाच सामन्यात दोन शतके ठोकली. १०१ वर्षे जगून १९९३ मध्ये ते गेले. खेळाने अभ्यास बुडतो, ही समजूत खोडायला संस्कृतच्या प्राध्यापकाइतका चांगला साक्षीदार कुठे मिळणार?

आमच्याकडे वऱ्हाडात कॉलेजच उशिरा आले. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे नंतरचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ चे. त्याआधी बुलढाण्याच्या मुलाला नागपूरचे मॉरिस किंवा हिस्लॉप गाठावे लागे, तेही मलकापूर किंवा शेगावपर्यंत बैलगाडीने जाऊन आगगाडी धरून. पण कॉलेजच्या नऊ वर्षे आधी, १९१४ मध्ये, वैद्य बंधूंनी अमरावतीत हनुमान आखाडा काढला होता. पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालेल्या या संस्थेच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आखाड्याला प्रवेश परीक्षा नव्हती. कॉलेजचा जिमखाना आणि गावाचा आखाडा यांत आमच्या भागातला तरुण बहुतेक करून आखाड्यात गेला, कारण तिथे येणाऱ्याची मार्कशीट कुणी पाहत नसे.

संगमाजवळची बोट

आता मूळ प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जाणारे मराठी उदाहरण. पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ मध्ये एका लहान वर्गाच्या रूपाने सुरू झाले, विश्वेश्वरय्या तिथलेच. २०२२ पासून ते तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तिथला प्रवेश म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुणवत्तेचा शिक्का. या कॉलेजचा मुळा-मुठेच्या संगमाजवळ बोट क्लब आहे, १९२८ पासूनचा. तो मुख्यतः विद्यार्थीच चालवतात. जुन्या बोटींची डागडुजी, नव्या मुलांना वल्हे धरायला शिकवणे आणि वर्षाअखेर ‘रेगाटा’ हा नदीवरचा सोहळा उभा करणे, हे सगळे त्यांच्याकडे. रेगाटात पंटची रचना, कयाकचा बॅले, अंधारात मशालींचे खेळ असे प्रकार असतात. नदीकाठी हजारो पुणेकर जमतात.

नौकानयन हा इंग्रजांनी आणलेला खेळ, जसा आइस हॉकी कॅनडावाल्यांनी ऑक्सफर्डला नेला. दोन्हींत शाळेत शिकून येण्याची सोय बहुतेकांना नसते. दोन्हींत साधने महाग, म्हणून ती सामायिक. आणि दोन्हींत मैदान निसर्गाच्या लहरीवर. तिकडे बर्फ वितळण्याची भीती, इकडे जलपर्णी आणि नदीत सुटणारे सांडपाणी.

मेहकर तालुक्यातले एक निवृत्त इंजिनिअर, आज पंचाहत्तरी ओलांडलेले, या क्लबात वल्हवत असत. त्यांच्या लहानपणी पैनगंगेला पूर आला की माणसे गुळाच्या काहिलीत बसून पलीकडे जात. बोटीचा त्यांचा अनुभव तेवढाच. मी त्यांना विचारले, तुम्ही तिकडे गेलातच कसे? ते म्हणाले, “भाऊ, वर्गात बसलेला जो तो आपापल्या जिल्ह्यातला पहिला. पहिल्या चाचणीत मी शेवटून तिसरा आलो अन् घरी पत्र लिहायची हिंमत होईना. बोटीवर गेलो तर तिथं सगळेच ढ. मुंबईचा साहेबाचा पोरगाही पाण्यात पडला, मीही पडलो. तिथून मला बरं वाटायला लागलं.”

नौकानयनात वल्हवणाऱ्यांची पाठ पुढच्या दिशेला असते. नाव कुठे चालली आहे ते फक्त सुकाणू सांभाळणाऱ्याला दिसते. बाकीच्यांनी त्याच्या हाकेवर आणि शेजाऱ्याच्या लयीवर विश्वास ठेवायचा. आपण एकटेच जोरात ओढले तर नाव वाकडी जाते. आयुष्यभर एकट्याने पहिला नंबर काढत आलेल्या मुलाला हे शिकायला किती अवघड गेले असेल, याचा विचार करून पाहावा. पाटबंधाऱ्याच्या कामावर चाळीस-पन्नास माणसे हाताखाली आली तेव्हा पुस्तकांपेक्षा हे जास्त उपयोगी पडले, असे त्यांचे म्हणणे.

आइस हॉकीतही खेळाडू बर्फावर सलग मिनिटभरही राहत नाही. इतका दम लागतो की जोमात असतानाच बाहेर यायचे आणि जागा दुसऱ्याला द्यायची. जो बाहेर यायला नकार देतो तो संघाला बुडवतो. गुणवत्ता यादीत याच्या नेमके उलटे शिकवलेले असते.

माझ्या वाचनाचे फलित विचाराल तर ते एवढेच. निवडक विद्यापीठाचा प्रत्येक कोपरा निवडीने भरलेला असतो: प्रवेश, शाखा, श्रेणी, नोकरीच्या मुलाखती. हौशी क्लब ही तिथली एकमेव जागा, जिथे हुशार मुलाला काहीच न येता दाखल होता येते. मॅकगिलच्या मुलांनी ती स्वतःसाठी घडवली. पुण्याच्या मुलांनी ती नदीकाठी जपली.

आज

ही जागा तिकडेही सुरक्षित नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००९ मध्ये खर्चकपात म्हणून आठ खेळांचे अधिकृत संघ बंद केले. त्यात मुलांची आणि मुलींची आइस हॉकी होती. मुलांनी तो खेळ क्लबच्या रूपाने चालू ठेवला. अशा क्लबांत वर्गणी खेळाडूंनीच भरायची आणि बर्फ रिकामे मिळेल त्या अवेळी सराव करायचा. आज तिथे कितीतरी मराठी घरांतली मुले शिकतात. त्यांच्या आई-वडिलांना फोनवर “पेपर कसा गेला?” याच्या पुढचा प्रश्न सुचावा.

आपल्या देशात आइस हॉकी वाढली ती लडाखमध्ये, आणि तिथली गंमत अशी की त्यात एक मोठा वाटा नापास मुलांच्या संस्थेचा आहे. सोनम वांगचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये उभारलेल्या सेकमोलमध्ये दहावीत अपयश आलेली मुले-मुली येत. हिवाळ्यात तिथे पाणी गोठवून मैदान करतात. तिथल्या मुलींनी हातात स्टिक घेतली. भारताचा महिला संघ २०१६ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि २०२५ मध्ये आशिया चषकात त्याने कांस्यपदक मिळवले. म्हणजे नवशिके होण्याची मुभा निवडलेल्यांनाच हवी असते असे नाही. ज्यांना निवडीने बाहेर टाकले, त्यांनी तर तिच्यातून देशाचा संघ उभा केला.

आमच्या जिल्ह्यात प्रथमेश जावकरसारखा तिरंदाज आहे. २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने सुवर्णपदक घेतले, त्याचेही फ्लेक्स लागले, लागायलाच हवेत. पण पर्सेंटाइलचा फ्लेक्स आणि पदकाचा फ्लेक्स यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा आहे. साधारण खेळणारा, हरणारा, तरी रोज संध्याकाळी जाणारा मुलगा तिथे असायला हवा. तो आठवीतच क्लासला गेला. मुलगी तर त्याआधीच मैदानावरून घरी आली. पुढे पुण्यात पोचल्यावरही होस्टेलच्या वेळा तिला अडवतात, आणि ‘कमवा आणि शिका’वर शिकणाऱ्या मुलाची संध्याकाळ कामातच जाते.

प्रत्येक कॉलेजच्या फीच्या पावतीवर ‘जिमखाना’ अशी एक ओळ असते. रक्कम लहान असते म्हणून कुणी तिकडे बघत नाही. प्रवेशाला जाणाऱ्या पालकांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारावे, की या पैशात ज्याला काहीच येत नाही अशा मुलाला काय मिळते? बूट मिळतात का, वल्हे मिळते का, मुलींसाठी वेळ राखून ठेवली आहे का, काम करून शिकणाऱ्या मुलासाठी पहाटेची वेळ आहे का? दीडशे वर्षांचा हा इतिहास धुंडाळताना मला असे दिसले की विद्यार्थ्यांची संध्याकाळ कुणीतरी मागितल्याशिवाय त्यांना मिळालेली नाही. टिळकांना ती घरच्या आधाराने मिळाली, आगरकरांना मिळाली नाही. पुढच्या जूनमध्ये फ्लेक्सवर ज्याचा फोटो लागेल त्याला ती मिळावी, एवढ्यासाठी हे टिपण.